ताई, तुम्ही मला माझ्यासाठी नेलंत

ताई,

नाव लिहीत नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या आपल्या गटात कोण भेटलं, काय ऐकलं ते गटातच ठेवायचं, हे तुम्हीच मला सांगितलंत. पण मंगळवार पेठेतल्या गिरणीपाशी दळणाचा डबा घेऊन उभी असलेली बाई म्हटलं की मी कोण ते तुम्हाला कळेल. पत्र उघड लिहितेय, कारण आपल्या कोल्हापुरात माझ्यासारख्या कितीतरी जणी खाली मान घालून फिरतात आणि त्यांना अजून तुमच्यासारखं कुणी भेटलेलं नाही.

ह्यांची दारू सुटावी म्हणून आमच्याकडे तोवर सगळं करून झालं होतं. जोतिबाला नवस, पंढरीची माळ, देवापुढं शपथ. सासूबाई म्हणायच्या, बायको नीट वागली तर पुरुष कशाला बाहेर जाईल. माहेरचे म्हणायचे, निघून ये. त्या दिवशी माझ्या पिशवीत एक पुडी होती. "नकळत दारू सोडवा" अशी जाहिरात वाचून मागवलेली, आमटीत मिसळायची. तुम्ही ती माझ्या हातून काढून घेतलीत आणि तिथंच उभं राहून समजावलंत. दारू सोडवायची गोळी डॉक्टर माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं देतात. ती पोटात असताना तो प्यायला तर रक्तदाब कोसळतो, जिवावर बेतू शकतं. आणि या पुडीत काय आहे ते तर तिच्यावर लिहिलेलंही नव्हतं. मग म्हणालात, "त्यांचं ऱ्हाऊ दे. तू येतीस का? मी हाय की."

पितात ते आणि जायचं मी? डोक्यात हेच घेऊन आले. शाळेचा वर्ग होता. लहान मुलांच्या बाकांवर आम्ही बायका गुडघे दुमडून बसलो होतो. एकीनं नाव सांगितलं, फक्त पहिलं, आणि बोलायला लागली. रात्री दाराची कडी वाजली की पावलांवरून आज किती झालीय ते तिला ओळखू यायचं. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटायचं, हे फक्त मलाच येतं. ती बोलत असताना कुणी मध्ये तोंड घातलं नाही, संपल्यावर कुणी सल्ला दिला नाही. मी काही न बोलता नुसती रडले, तेही चाललं. फी विचारली तर तुम्ही मान हलवलीत. थैली फिरते, ज्याला जमेल तो टाकतो, बाहेरची देणगी घेत नाहीत.

या आजाराला मी कारण नाही, तो माझ्या ताब्यात नाही आणि तो बरा करणं माझ्या हातात नाही, हे मला त्या बाकावर पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं कुणीच असं बोललं नव्हतं.

१९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर एकमेकांशी बोलत दारूपासून दूर राहिले, त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. आणि पुढं १९५१ मध्ये पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटांचं अल-अनॉन झालं. हे तुम्ही परतताना रिक्षात सांगितलंत. सातासमुद्रापलीकडच्या त्या बायकांचेही मला आभार मानायचे आहेत.

ह्यांनी एके दिवशी आपणहून दारू बंद केली. मला आनंद झाला, पण दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, भिंतीवर किडे दिसायला लागले. फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, घरात ठेवू नकोस. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की फिट येऊ शकते, भ्रम होतो, माणूस दगावूही शकतो. तुमचे मालक, आमचे भाऊजी, रिक्षा घेऊन दारात आले आणि सीपीआर रुग्णालयात नेलं. रोज किती पितात ते लपवू नकोस, हेही तुम्हीच बजावलं होतंत. डॉक्टरांनी ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. तुम्ही नसतात तर मी कपाळाला अंगारा लावून सकाळची वाट बघत बसले असते.

मग भाऊजी त्यांना ए. ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंगला न्यायला लागले. तिथं अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. मीटिंग सुटली की सगळे गंगावेशीत दूध कट्ट्यावर. समोर म्हैस पिळून दिलेला पेला पिऊन हे घरी यायचे ते मिशीला फेस लावूनच. संध्याकाळी सात ते नऊ हीच वेळ आमच्या घरात सगळ्यात वाईट होती. ती भाऊजींनी भरून काढली.

तरी मध्ये एका लग्नात ह्यांचा पाय घसरला, पुन्हा प्यायले. मी तुमच्याकडं पळत आले. ह्यांचं काय झालं ते तुम्ही विचारलंच नाही. विचारलंत, "तू जेवलीस का?" आणि ताट वाढलंत. ताई, माझं सगळ्यात मोठं ऋण त्या ताटाचं आहे. घरात पिणारा माणूस असला की सगळे त्याच्याबद्दल विचारतात. माझ्याबद्दल विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

हे वाचणाऱ्या बायांनो, कुठं जायचं कळत नसेल तर सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. तो यायला तयार नसला तरी तुम्ही फोन करा. तुमच्यासाठी करा.

ताई, पुढच्या महिन्यात गटात ह्यांचा दारूमुक्तीचा वाढदिवस आहे, खुली सभा आहे. तुम्ही आणि भाऊजी यायचंच. स्वयंपाक मी करणार आहे, तांबडा-पांढरा दोन्ही.

तुमची,
गिरणीवाली