सौभद्रातल्या कृष्णाची तयारी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘संगीत सौभद्र’मध्ये तुला कृष्णाचं काम मिळालं आणि प्रयोगाला आठ आठवडे आहेत, असं फोनवर म्हणालास. फोनवर घाईत सांगून भागणार नाही, म्हणून लिहिते आहे.

कृष्ण या नाटकात गायला येत नाही, तो बोलायला येतो. बोलता बोलता त्याचं बोलणं गाणं होतं. बलरामदादाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलेलं, अर्जुन यतिवेषात, आणि सगळी सूत्रं कृष्णाच्या हातात. तो शांत आहे, कारण पुढचं त्याला दिसतंय. पद आलं की रुक्मिणीकडे पाठ फिरवून प्रेक्षकांना गाऊन दाखवायचं, ही चूक कॉलेजच्या प्रयोगांत हमखास होते. म्हणून पहिले दोन आठवडे पेटीला हात लावू नकोस. पदांचे शब्द गद्यासारखे, रुक्मिणीचं काम करणाऱ्या मुलीला समोर बसवून बोल. संहितेत पेन्सिलीने खुणा कर: छोट्या थांब्याला एक रेघ, श्वासाला दोन. १८८२ साली किर्लोस्करांनी हे नाटक रंगभूमीवर आणलं. त्या काळातली लांब वाक्यं श्वासाची जागा ठरवल्याशिवाय पाठ केलीस, तर ऐन वेळी क्रियापदापाशी दम संपेल.

आता ‘प्रिये पहा’. हे पद देसकार रागातलं आहे. देसकार आणि भूप या दोन्ही रागांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. फरक आहे तो मुक्काम कुठे करायचा यात. देसकार धैवतावर (ध) उभा राहतो, उत्तरांगात म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात फिरतो, रिषभाला (रे) नुसता स्पर्श करतो. भूपाचा जीव गंधारात (ग). तुला भूप आधी शिकवलेला आहे, त्यामुळे गळा आपोआप गंधारावर रेंगाळेल. देसकार सकाळचा, भूप संध्याकाळचा, म्हणून तसं झालं की पहाटेची संध्याकाळ होते. कृष्ण रुक्मिणीला रात्र सरल्याचं दाखवतोय आणि सूर दिवेलागणीचे! रोज तंबोऱ्यावर दहा मिनिटं फक्त प ध, सां ध, ध प एवढंच घोळव. गंधारावर येऊन लगेच सुटायची सवय लागेपर्यंत तानेचं नाव काढू नकोस. आणि ‘पहा’ म्हणण्याआधी तुझी नजर पूर्वेकडे गेलेली हवी. आधी डोळे, मग शब्द.

पट्टी, म्हणजे तुझा सा कुठल्या सुरावर धरायचा ते, दिग्दर्शकाच्या आवडीवर ठरवू नका. पदातला सगळ्यात वरचा स्वर घे, रंगमंचाच्या चार फेऱ्या भरभर मार आणि लगेच तो स्वर पाच वेळा लाव. पाचव्यांदाही मोकळा लागला तर पट्टी बरोबर. चिरकला तर अर्धा स्वर खाली ये, म्हणजे पेटीच्या काळी दोन पट्टीवरून पांढरी दोनवर. त्यात काही कमीपणा नाही. सुभद्रा काळी चारला गात असेल तर तिचा तबला वेगळा लागेल. एकच तबला ठोकून इतका वर-खाली नेता येत नाही. ऑर्गनचे सूर बांधलेले असतात, म्हणून तबले त्याला मिळवायचे. पावसाळी हवेत तबल्याची पुडी (वरचं चामडं) सैल होऊन सूर उतरतो, दिव्यांच्या उष्णतेने चढतो. प्रयोगाआधी अर्धा तास, रंगमंचावरचे दिवे लावून मिळवा. आधीच मिळवून ठेवलेल्या तबल्यावर भरवसा नको.

ऑर्गनवाल्याशी एक गोष्ट पक्की कर. गद्याचं शेवटचं वाक्य सुरू झालं की त्याने हलकेच षड्ज (सा) धरायचा. तुझा शेवटचा शब्द त्या षड्जाच्या आसपास उतरला की पद तिथूनच उगवतं, मध्ये खड्डा पडत नाही. हे वाक्य त्याच्याबरोबर निदान वीस वेळा करा. साथीदार विंगेत बसणार असतील तर मुकुटामुळे तुला काही ऐकू येणार नाही, याचा विचार आत्ताच कर. मुकुट आणि केसांचा टोप कानांवरून मागे बसवून घे, निदान साथीच्या बाजूचा कान उघडा हवा. मुकुट-पीतांबर प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा घातला तर मान आखडते आणि आवाज घशात अडकतो. शेवटचे दोन आठवडे रोज घाल. पीतांबर शिवलेला आणि आत नाडीचा असू दे. गळ्यातल्या माळा कॉलर माइकवर आपटून खडखडतात, त्यांना दोन ठिकाणी टाके घाल.

साकी, दिंडी अशा साध्या चालींची पदं आली तर त्यांत तान घालू नकोस, ती पदं कथा पुढे नेण्यासाठी आहेत. ‘नच सुंदरि करू कोपा’ला मात्र ‘वन्स मोर’ येऊ शकतो. घ्यायचा की नाही, घेतला तर अंतऱ्यापासून की मुखड्यापासून, हे तबलजीला आधीच माहीत हवं. टाळ्या चालू असताना रुक्मिणीकडेच बघत राहा. प्रेक्षकांना नमस्कार केलास की तिची समजूत कोण घालणार?

गळ्याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. हालचालींच्या तालमीत अर्ध्या आवाजात गा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात आवाज बसेल. सकाळी वीस मिनिटं खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. घसा बसला की कुजबुजून बोलू नकोस, त्याने ताण वाढतो. गप्प राहा. वाफ साध्या पाण्याची, पाच-सात मिनिटं, बाम न घालता. सारखं खाकरू नकोस, त्याऐवजी घोटभर कोमट पाणी पी. जेवण प्रयोगाच्या तीन तास आधी. आवाजातला घोगरेपणा दोन आठवड्यांत गेला नाही तर कानाच्या-घशाच्या डॉक्टरांकडे जायचंच, तालीम बुडाली तरी चालेल.

पार्सलमध्ये जुनी सुती पंची दोन पाठवली आहेत, मेकअप पुसायला. मानेला आणि कानामागेही रंग लावायला सांग, मुलं तेवढंच विसरतात. सेफ्टी पिना डब्यात आहेत, मोठ्या बारा, लहान चोवीस. पट्टी ठरली की कळव, त्याच पट्टीचा तंबोरा रेकॉर्ड करून पाठवते.

तुझी,
आई