बाबा, त्या बुधवारी मी तिथेच होते

फ्रांकफुर्ट,
रविवार, २२ मार्च २०१५

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. परवा फोनवर धड बोलणं झालंच नाही. "शिकायला गेलीयेस की गाड्या जाळायला?" एवढं विचारून बाबांनी फोन आईच्या हातात दिला, आई रडायला लागली, आणि मी आवाज नीट येत नाही असं खोटंच सांगून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही, बाबा.

आधी आईसाठी. बुधवारी बँकेविरुद्धच्या निदर्शनांना गेले होते खरी, पण मला खरचटलंसुद्धा नाही. कोणी पकडलं नाही, नाव लिहून घेतलं नाही, व्हिसाला धक्का नाही. इथल्या घटनेच्या आठव्या कलमात सभा-मोर्चाचा हक्क 'सर्व जर्मनांना' दिलाय. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. पण सभांविषयीचा जो कायदा आहे, त्याचं पहिलंच कलम 'प्रत्येकाला' असं म्हणतं. ते सापडलं तेव्हाच मी जायचं ठरवलं. मुलगी बाबांची आहे, कलम वाचल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

तुम्ही टीव्हीवर पाहिलंत ते खरं आहे, पण ती सकाळ होती. १८ तारखेला युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे ईसीबीच्या, नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. नदीकाठी १८५ मीटर उंच काचेचा जोडमनोरा, खर्च साधारण १३० कोटी युरो. मी राहते त्या ओस्टेंड भागातच आहे तो. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचा वरचा अर्धा भाग दिसतो. पहाटे हेलिकॉप्टरच्या घरघरीने जाग आली. ट्राम बंद, मनोऱ्याभोवती कुंपणं आणि काटेरी तारांची भेंडोळी. सातच्या सुमाराला कोपऱ्यापलीकडून काळा धूर वर चढायला लागला. टायर आणि कचऱ्याचे डबे पेटवले होते. पोलिसांच्या गाड्याही जाळल्या. आग विझवायला आलेल्या बंबावर दगड पडले. बंबावर दगड! ज्याने कोणी हे केलं त्याच्याशी माझं काडीचंही नातं नाही, आणि त्या दिवशी माझ्या मुद्द्याचं सगळ्यात जास्त नुकसान कोणी केलं असेल तर त्यांनीच.

खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात उभ्या होत्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी जो लांबलचक विटांचा हॉल आहे तो १९२८ मध्ये बांधून झालेला, भाजी आणि फळांचा घाऊक बाजार. गावातले लोक त्याला 'भाजीचं चर्च' म्हणायचे. २००४ पर्यंत तिथे भाजी उतरत होती. आजी म्हणाल्या, तेव्हा पहाटे ट्रकांचा आवाज यायचा, आता हेलिकॉप्टरचा येतो, झोप काही नशिबात नाही.

मी कोपऱ्यापर्यंत बघायला गेले. डोळे चुरचुरत होते म्हणून मफलर नाकावर ओढला, तर एक पोलीस, वयाने दादापेक्षाही लहान असेल, हेल्मेटच्या काचेआडून म्हणाला, "तोंड उघडं ठेवा." निदर्शनात चेहरा झाकणं इथे गुन्हा आहे. त्याचा स्वतःचा चेहरा मला दिसत नव्हता. मी मफलर खाली घेतला, खोकले, आणि घरी परत आले. त्या भागात मी एवढीच होते, दहा मिनिटं.

मी गेले ती दुपारच्या सभेला आणि संध्याकाळच्या मोर्चाला. ते सगळं पोलिसांकडे रीतसर नोंदवलेलं. का गेले, ते जरा लांबण लावून सांगावं लागेल.

बाबा, तुम्ही तीस वर्षं बँकेत काढलीत. मध्यवर्ती बँक सरकारपासून लांब असली पाहिजे, नाहीतर निवडणूक आली की मंत्री नोटांचं यंत्र फिरवणार, हे मी तुमच्याकडूनच शिकले. जर्मनांना तर हे पटवावंच लागत नाही. १९२३ ची महागाई त्यांच्या हाडात आहे. म्हणून युरोपच्या करारात कलम १३० आहे: ईसीबीने कोणत्याही सरकारकडून आदेश मागायचे नाहीत आणि घ्यायचे नाहीत. उत्तम. पण बँकेने आदेश द्यायचे नाहीत, असं कुठे लिहिलंय?

१९ नोव्हेंबर २०१० रोजी ईसीबीचे तेव्हाचे अध्यक्ष त्रिशे यांनी आयर्लंडच्या अर्थमंत्र्यांना एक पत्र लिहिलं. आयरिश बँका तेव्हा ईसीबीच्या मंजुरीने मिळणाऱ्या तातडीच्या उधारीवर जगत होत्या. पत्राचा मथितार्थ असा की तुमच्या सरकारने मदतीचा अर्ज लेखी करावा, काटकसरीची हमी लेखी द्यावी, तरच ही उधारी चालू ठेवू. दोन दिवसांत सरकारने अर्ज केला. ईसीबीने ते पत्र प्रसिद्ध केलं कधी? नोव्हेंबर २०१४ मध्ये. चार वर्षं ज्यांचे पगार कापले गेले, त्यांना ते कागद दाखवायची गरज वाटली नाही. इटलीचंही तसंच. ऑगस्ट २०११ मध्ये त्रिशे आणि द्राघी (तेव्हा इटलीच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख, आता ईसीबीचे अध्यक्ष), दोघांच्या सहीचं पत्र पंतप्रधानांना गेलं: पेन्शन, कामगार कायदे, सरकारी नोकरांचे पगार, काय काय बदला याची यादीच. ते गुप्त होतं, वर्तमानपत्राने फोडलं म्हणून लोकांना कळलं. पेन्शनचं वय किती असावं हे चलन सांभाळणाऱ्या बँकेने का सांगावं?

आणि आता ग्रीस. २५ जानेवारीला तिथे नवं सरकार निवडून आलं. ४ फेब्रुवारीला ईसीबीने ठरवलं की ११ तारखेपासून ग्रीक सरकारचे रोखे तारण म्हणून नेहमीसारखे घेणार नाही. तुम्हाला वेगळं सांगायला नको, लोक ठेवी काढायला लागले की बँक रोखे गहाण टाकून रोकड उचलते. ती खिडकी बंद. आता उरली ती जास्त व्याजाची तातडीची उधारी, आणि तिची मर्यादा किती ठेवायची याची किल्ली माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या मनोऱ्यात. तुम्ही म्हणाल, ज्या रोख्याला पत नाही तो तारण कसा घेणार? बरोबर आहे. नियमाने बरोबरच आहे. तरीसुद्धा मतमोजणीनंतर दहा दिवसांत हे होतं, तेव्हा मत देणाऱ्याने काय समजायचं? ग्रीसमध्ये चारातला एक माणूस बेकार आहे, तरुणांत तर निम्मे.

तर ते पत्रांचं डोक्यात होतं म्हणून मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर जर्मनमध्ये लिहिलं: "पत्र आमच्याबद्दल असेल तर एक प्रत आम्हालाही." व्याकरण आजींनी तपासून दिलं. पुठ्ठ्याला झाडूचा दांडा लावला होता. रोमरबेर्ग, म्हणजे जुन्या नगरपालिकेसमोरचा चौक, तिथे शिरताना एका पोलिसाने दांड्यावर बोट टेकवून मान हलवली: फार जाड आहे. काठी किती जाड चालते याचेही नियम असतात इथे. दांडा काढून ठेवावा लागला, आणि पाच तास मी तो पुठ्ठा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून फिरले. खांदे अजून दुखतायत. (दांडा गेला. झाडू आजींचा होता. नवा आणून दिलाय.)

ऊन छान होतं. पोलिसांच्या हिशेबाने १७ हजार माणसं, संयोजकांच्या हिशेबाने २० हजारांच्या वर. मोर्चातली गर्दी मोजणाऱ्याप्रमाणे बदलते, हे तुम्ही युनियनमध्ये होतात तेव्हापासून मला माहीत आहे. कॅनडाच्या लेखिका नेओमी क्लाइन बोलल्या. मला अर्धंच ऐकू आलं, कारण शेजारी ढोल चालू होता.

माझ्या डावीकडे ग्रीसची एक मुलगी होती, आमच्याच विभागातली. तिच्या आईची पेन्शन इतक्यांदा कापलीय की आता ती आकडा सांगत नाही, नुसती बोटं मोजते. उजवीकडे सत्तरीतले एक जर्मन आजोबा. त्यांचा राग वेगळाच. बँकांनी ईसीबीकडे ठेवलेल्या पैशावर व्याज मिळत नाही, उलट सप्टेंबरपासून ०.२० टक्के कापले जातात, आणि याच ९ मार्चपासून बँक महिन्याला ६० अब्ज युरोंचे रोखे विकत घेतेय. आजोबांचं म्हणणं, माझी आयुष्यभराची बचत हे लोक पाण्यात घालतायत. म्हणजे एकीला बँकेने हात सैल सोडायला हवा होता, दुसऱ्याला आवळायला. दोघं माझ्या पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना उभी, घोषणा एकच. मी मध्ये उभी राहून हसत होते. थोड्या वेळाने लक्षात आलं की दोघांचंही गाऱ्हाणं न्यायला दुसरी जागाच नाही. सरकारकडे जावं तर सरकार म्हणतं, बँक स्वतंत्र आहे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, तुम्हाला आवडणार नाही तरी. चौकाच्या कडेला एक माणूस पत्रकं वाटत होता. मी एक घेतलं. पहिल्या दोन ओळी व्याजाबद्दल, ठीक होत्या. तिसऱ्या ओळीपासून सगळ्या मध्यवर्ती बँकांमागे एकच ज्यू घराणं आहे वगैरे सुरू झालं. बाबा, त्या भाजीच्या हॉलच्या तळघरात ऑक्टोबर १९४१ पासून या शहरातले ज्यू जमवले जात होते. तिथून त्यांना आगगाडीत कोंबून पाठवलं. सुमारे दहा हजार माणसं. तिथे आता स्मारकाचं काम चाललंय, बँकेच्या आवारालगतच. मी पत्रक त्याला परत दिलं. मला जर्मनमध्ये पटकन काही सुचलं नाही, तोंडातून मराठीतच निघालं, "लाज वाटू दे." आजोबांनी तेच जर्मनमध्ये जरा जास्त जोरात सांगितलं, निदान सुरावरून तरी तेच वाटलं. तो माणूस दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन वाटायला लागला. बँकेविरुद्ध बोलायचं म्हटलं की असली माणसं शेजारी येऊन उभी राहतात, ही या विषयाची कटकटच आहे. तुमच्या युनियनच्या मोर्चात निदान मागणी कशाची हे सगळ्यांना माहीत असायचं.

सकाळच्या समारंभात द्राघी काय बोलले ते मी रात्री वाचलं. संकटात ईसीबीची भूमिका मोठी होती, म्हणून परिस्थितीवर चिडलेल्यांचा रोख आमच्यावर आला, हे कदाचित न्याय्य नाही, आमचे उपाय तर धक्का कमी करण्यासाठीच होते, अशा अर्थाचं. पाहुणे शंभरेक. खरं सांगू, भाषण वाईट नव्हतं. 'युरो वाचवायला लागेल ते करू', त्या माणसाच्या या एका वाक्याने २०१२ मध्ये युरो वाचला हे मीही मानते. पण तेच तर. ज्याच्या एका वाक्याने चलन वाचतं, त्याच्या एका पत्राने सरकारं वाकतात, आणि तो निवडणुकीला कधीच उभा राहत नाही. नको राहू दे. पत्रं तरी उघड लिहावीत. बँक बंद करा म्हणणारेही तिथे होते. मी त्यातली नाही. बँक गेली तर चलन मंत्र्यांच्या हाती जाईल, आणि ते तुम्ही मला लहानपणीच समजावलंय.

संध्याकाळी मोर्चा ऑपेराच्या चौकापर्यंत गेला. शेवटचा अर्धा तास ढोलही दमले होते. घरी चालत आले, वाटेत एका ट्राम थांब्याची काच पूर्ण फुटून चुरा होऊन पडली होती आणि एक सफाई कामगार एकटा ती झाडत होता. मी पुठ्ठा पाठीमागे धरला. का ते मलाही कळलं नाही. आमच्यातल्या कोणी ती फोडली असेल की नाही हे त्याला कुठे माहीत होतं, आणि मला तरी कुठे माहीत होतं.

त्या दिवशी साडेतीनशेच्या आसपास लोकांना अडकवून ठेवलं होतं, बरेच पोलीसही जखमी झाले. तुमची काळजी उगीच नव्हती, हे मान्य. पुढच्या वेळी आधी सांगून जाईन. पुढची वेळ नसेल असं मात्र म्हणत नाही.

बाबा, मला तुमच्याकडून एका प्रश्नाचं उत्तर हवंय, ओरडा नको. तुम्ही संपावर गेलात तेव्हा काउंटरच्या पलीकडच्या म्हाताऱ्या पेन्शनरांची अडचण व्हायचीच ना? ते तुम्ही स्वतःला कसं समजावत होतात? दादाला विचारलं तर तो म्हणाला, बाबांनाच विचार. फोनवर नको, सविस्तर लिहा.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, कोट दोनदा धुतला तरी जळक्या टायरचा वास जात नाही. लोकरीचा आहे, गरम पाणी चालत नाही. काय करू ते कळव.