पेसमेकर तपासणी यंत्रे: निविदेतली एक ओळ पुरत नाही

संपादक महोदय,

पेसमेकर तपासणाऱ्या यंत्रांच्या खरेदीत ‘यूएस एफडीए (अमेरिकेची औषध-उपकरण नियामक संस्था) किंवा सीई (युरोपचा शिक्का) प्रमाणित’ एवढी एकच अट घालून अनेक रुग्णालये मोकळी होतात. एवढ्याने भागत नाही.

मुळात ही यंत्रे दोन जातींची. पेसिंग सिस्टिम ॲनालायझर शस्त्रक्रियेच्या वेळी थेट रुग्णाच्या हृदयातल्या लीडला, म्हणजे पेसमेकरच्या तारेला, जोडतात. दुसरे यंत्र वर्कशॉपच्या टेबलावरचे. ते तात्पुरत्या, म्हणजे शरीराबाहेर ठेवायच्या, पेसमेकरचे पल्स (विजेचे ठोके) मोजते, रुग्णाशी त्याचा संबंध येत नाही. पहिले अमेरिकेत २०१६ पर्यंत सर्वांत कडक अशा तिसऱ्या वर्गात होते. आता दुसऱ्या वर्गात असून ५१०-के मार्गाने त्याला परवानगी मिळते. म्हणजे बाजारात आधीच असलेल्या यंत्राशी बरोबरी दाखवायची. म्हणून विक्रेत्याकडून ‘के’ने सुरू होणारा क्रमांक घ्यावा आणि एफडीएच्या खुल्या यादीत त्यापुढे कोणता वापर लिहिला आहे तो वाचावा. टेबलावरच्या यंत्रावरचा सीई शिक्का तर पुष्कळदा फक्त विद्युत सुरक्षेचा असतो. शेजारी चार आकडी क्रमांक नसेल, तर त्या शिक्क्यामागे त्रयस्थ संस्थेची तपासणी नाही असे समजावे.

शिवाय परदेशी कागद भारतातला परवाना ठरत नाही. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार जोखमीप्रमाणे पाडलेल्या चार वर्गांपैकी ए (निर्जंतुक नसलेली व मोजमाप न करणारी उपकरणे वगळता) आणि बी वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून, तर सी आणि डी वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे. परवान्याचे नमुने असे: आयातीसाठी एमडी-१५, देशी उत्पादनासाठी ए-बीला राज्याचा एमडी-५, सी-डीला केंद्राचा एमडी-९. परवान्यावरचा उत्पादक आणि मॉडेल यंत्राच्या पाटीशी ताडून पाहावे. हे फारसे कोणी करत नाही.

खरी गडबड मात्र कागदांच्या पुढे होते. थ्रेशोल्ड (हृदयाचा ठोका पडायला लागणारा विजेचा किमान जोर) ०.५ मिलिसेकंदाच्या पल्सवर मोजायचा असताना यंत्र प्रत्यक्षात जास्त रुंद पल्स देत असेल, तर आकडा कमी दिसतो आणि चुकीच्या जागी बसलेली लीड चांगली ठरते. ॲनालायझरची केबल आतून तुटली की इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) अचानक चढतो आणि दोष लीडवर जातो. लीड हलवण्याआधी केबल बदलून पाहावी. ती केबलही मूळ उत्पादकाचीच हवी, कारण परवानगी मिळते ती उत्पादकाने ठरवलेल्या जोडसामानासह. स्वस्तातली केबल लावली की कागद आणि यंत्र यांची फारकत झाली.

डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) तपासणाऱ्या यंत्राचा ‘पेसर’ भाग तात्पुरता पेसमेकर तपासायला वापरणे ही आणखी एक चूक. तो छातीवरून दिल्या जाणाऱ्या पेसिंगसाठी असतो: साधारण ५० ओहमचा लोड (शरीराच्या जागी जोडलेला रोध), २०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह, २० ते ४० मिलिसेकंदांचा पल्स. लीडमधून चालणारा तात्पुरता पेसमेकर सहसा २५ मिलिअँपिअरच्या आत आणि एक-दोन मिलिसेकंदांचा पल्स देतो, त्याला ५०० ओहमचा लोड लागतो.

तेव्हा निविदेत भारतीय परवाना, उपकरणाचा लिखित वापर, मूळ केबल आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे वार्षिक कॅलिब्रेशन या अटी स्पष्ट लिहाव्यात. लीडला जोडायच्या यंत्राचे टोक सीएफ प्रकारचे, म्हणजे थेट हृदयाला जोडण्याइतके सुरक्षित, असावे, गळती प्रवाह सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या आत. टेबलावरचे यंत्र हाती आल्यावर ५०० ओहमवर १० मिलिअँपिअरचा पल्स द्यावा; ५ व्होल्ट दिसले नाहीत, तर पावतीवर सही करू नये.

– बायोमेडिकल इंजिनिअर, पुणे