खंड कशाला म्हणावे?

महोदय,

सात खंडांची ओळख करून देणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. चहूबाजूंनी समुद्राने वेढलेला विशाल भूभाग म्हणजे खंड, ही त्यातील व्याख्या पटत नाही. ती लावली तर युरोप खंडच ठरत नाही. आशियाशी तो जमिनीने सलग आहे. दोहोंमधली उरल पर्वताची सीमा 18व्या शतकात रूढ झालेला निव्वळ संकेत आहे. इस्तंबूल तर एकच शहर असून दोन खंडांत मोजले जाते! उलट सुमारे 21 लाख चौरस किलोमीटरचे ग्रीनलँड पाण्याने वेढलेले असूनही बेटच. आणि आपल्या पूजेच्या संकल्पातला भरतखंड? तोही जंबुद्वीपाचा एक भागच. पुढील लेखात ही व्याख्या दुरुस्त करावी.

– एक वाचक, सातारा