रात्रपाळीच्या ताईंस

ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या रात्री तुमचे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे जाहीर लिहीत आहे. साताऱ्याहून झोपेच्या तपासणीसाठी आलेले, कंपवाताने हात थरथरणारे, एसटीतून निवृत्त झालेले चालक म्हणजे माझे वडील, एवढी खूण तुम्हाला पुरावी.

अण्णा झोपेत ओरडत, मुठी हाणत आणि उजवा पाय असा दाबत की शेजारी झोपलेल्या आईच्या नडगीवर काळेनिळे डाग उठत. एकदा तिचा ओठ फुटला, तेव्हा पुढचे कित्येक दिवस अण्णा जेवताना ताटातून मान वर करीत नव्हते. नात्यातल्या एका आजींनी बाहेरची बाधा ठरवून अंगारा पाठवला. त्यांच्यावर राग नाही. राग आहे तो त्या डॉक्टरांवर, ज्यांनी आईच्या ओठाकडे न पाहताच 'वयोमानाने होते, वेगळे झोपा' असे सांगून पुढच्या रुग्णाला हाक मारली. स्वप्ने पडतात त्या झोपेत मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूचा तळाकडचा देठासारखा भाग, एरवी हातापायांचे स्नायू सैल सोडतो, तो बंदोबस्त बिघडला की माणूस स्वप्न अंगाने जगू लागतो, आणि हे कंपवाताच्या कित्येक वर्षे आधीही सुरू होऊ शकते, हे आम्हाला पुढे कळले. अण्णांचे लाथा मारणे हात थरथरू लागण्याच्या खूप आधीचे. घरात त्याची थट्टा होत असे. अमेरिकेतील शेंक आणि महोवाल्ड या झोपेच्या अभ्यासकांनी हा विकार १९८६ मध्येच नोंदवला होता, त्यामुळे त्या डॉक्टरांना अज्ञानाची सवलत देण्यास मन तयार होत नाही.

तपासणीचे तपशील मी विसरलो आहे. आठवते ती सकाळ. हनुवटीवरच्या आणि डोक्यावरच्या तारा काढल्यावर अण्णांच्या केसांत चिकट मलम राहिले होते. आई आत येण्यापूर्वी तुम्ही ते कोमट पाण्याच्या फडक्याने पुसलेत, त्यांच्याच खिशातला कंगवा मागून घेतलात आणि भांग डावीकडून की उजवीकडून, हेही विचारलेत. केस विंचरता विंचरता अगदी सहज म्हणालात, "काका, पहाटे कुठला घाट उतरत होता? ब्रेक लागत नव्हता का?"

अण्णा क्षणभर गप्प राहिले आणि मग खंबाटकीतली उतरण, समोर आलेला ट्रक आणि मागे बसलेले प्रवासी, असे सगळे सांगत सुटले. दाराशी उभ्या असलेल्या आईने ते ऐकले आणि आपल्या नडगीवर रोज कोणता ब्रेक दाबला जात होता, ते तिला त्या क्षणी उमगले. इतकी वर्षे आम्ही सर्वांनी त्यांना 'काय केलेत' असे विचारले होते; 'काय दिसले' हे आमच्यापैकी, माझ्यासकट, एकानेही विचारले नव्हते. तो प्रश्न कोणत्याही अहवालात बसत नाही आणि त्याचे तुम्हाला वेगळे वेतनही मिळत नसणार.

आता गादी जमिनीवर आली आहे, कोपऱ्यातले टेबल हलवले आहे आणि मेलाटोनिन हे औषध सुरू आहे. आई त्याच खोलीत, थोड्या अंतरावर झोपते. एखाद्या रात्री ब्रेक अजूनही लागतो. सकाळी चहाचा कप पुढे करताना ती विचारते, "अहो, आज कुठला घाट?"

आपला कृतज्ञ,
अण्णांचा मुलगा