सियाम रीपच्या बोंगना, उशिरा का होईना

प्रिय बोंग,

कंबोडियाच्या ख्मेर भाषेत थोरल्या भावाला किंवा बहिणीला ‘बोंग’ म्हणतात, आणि वयाने मोठ्या अनोळखी माणसालाही तसंच हाक मारतात, हे मला तुमच्याकडून कळलं. तोवर दीड दिवस मी तुम्हाला नुसतं ‘ड्रायव्हर’ म्हणून बोलावत होते. माझी आई मात्र पहिल्या सकाळपासून ‘दादा’ म्हणत होती आणि तुम्ही तिला ‘ममा’. तुम्हा दोघांचं कुठल्या भाषेत जमत होतं कोण जाणे, पण जमत होतं.

हे पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. पण अंगकोरची देवळं पाहायला जाणारी मराठी माणसं हे वाचतील आणि तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी टुकटुकमध्ये बसतील. म्हणून तुमचे आभार त्यांच्यादेखत मानायचे आहेत.

आधी माझी चूक सांगते. बांतेय स्रेईच्या दारापाशी तुम्ही ती निस्तरलीत आणि नंतर एका शब्दानेही मला लाजवलं नाहीत.

सियाम रीपहून तासाभराची वाट. दहाव्या शतकातलं ते गुलाबी दगडाचं देऊळ पाहून आम्ही बाहेर आलो. दुकानांच्या ओळीत एका बाईंकडे क्रामा होते, तुमच्याकडचे ते चौकड्यांचे पंचे. मी नमस्कार नाही, हसणं नाही, थेट ‘केवढ्याला’ म्हणून सुरुवात केली. भाव पाडत पाडत एका डॉलरवर येऊन अडले. आदल्या दिवशी अंगकोरच्या तिकीट खिडकीवर तीन दिवसांच्या पासचे माणशी 62 डॉलर मी निमूट मोजले होते. तिथे घासाघीस चालत नाही म्हणून केली नाही. इथे समोरची बाई ऐकून घेत होती, म्हणून केली. हा फरक तेव्हा माझ्या लक्षातही आला नाही.

शेवटी मी वीस डॉलरची नोट दिली. कडेला जेमतेम नखाएवढी फाटलेली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, मान हलवली, परत केली आणि हसल्या. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मला वाटलं, या माझी चेष्टा करताहेत, किंवा सौदा मोडायला निमित्त काढताहेत. माझा आवाज चढला. आजूबाजूच्या दुकानांतल्या बाया गप्प झाल्या.

तुम्ही टुकटुकमध्ये बांधलेल्या झोळीत आडवे होतात, तिथून उठून आलात. आधी त्या बाईंना हात जोडलेत, मग दोन वाक्यं बोललात. खिशातून धड नोटा काढून पैसे चुकते केलेत आणि मला म्हणालात, संध्याकाळी हिशेब करू. क्रामा त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. मी एका हाताने घेतला. तेही मला आठवतं.

परतीच्या वाटेवर नारळपाण्यासाठी थांबलो, तेव्हा तुम्ही शांतपणे समजावलंत. फाटकी डॉलरची नोट पुढे कुणीच घेत नाही, म्हणजे ती ज्याच्या हातात राहील त्याचं नुकसान. रियेलची, म्हणजे आमच्या चलनाची, नोट कितीही चुरगळलेली असली तरी चालते, डॉलरची नाही. एका डॉलरला साधारण 4000 रियेल, डॉलरखालचे सुटे रियेलमध्येच मिळतात, तेव्हा बाजारात छोट्या नोटा घेऊन जावं. आणि ते हसणं? अवघडलं की आमच्याकडे माणूस हसतो, म्हणालात. त्या बाईंना ‘नाही’ म्हणायला जड जात होतं. चारचौघांत आवाज चढवला की लाज दोघांचीही जाते. नंतर दुप्पट पैसे दिले तरी ती भरून येत नाही.

मग तुम्ही मला दोन शब्द शिकवलेत. भेटल्यावर ‘सुअस्देई’, निघताना ‘ऑरकुन’. पहिल्यात आपला ‘स्वस्ति’ आहे, दुसऱ्यात ‘गुण’. आईला हे कळल्यावर तिला काय आनंद झाला! त्यानंतर ती दिसेल त्याला हात जोडून ‘सुअस्देई’ म्हणत सुटली. तिला कुणीही चढा भाव सांगितला असेल असं मला वाटत नाही, आणि सांगितला असला तरी तिला त्याचं काही नव्हतं.

पुढचे दिवस मी तुमच्याकडे बघत शिकले. ता प्रोमच्या देवळापाशी पोस्टकार्डं विकणारी मुलं मागे लागली, तेव्हा तुम्ही म्हणालात, त्यांच्याशी बोला, नावं विचारा, पण विकत मोठ्या माणसांकडून घ्या. मुलांची विक्री होत राहिली तर त्यांना शाळेत कोण पाठवेल? मी तसंच केलं. तिथल्याच डागडुजीच्या फलकाकडे बोट दाखवून म्हणालात, ‘तुमच्या देशाची माणसं इथे दगड जुळवतात.’ भारतीय पुरातत्त्व खात्याचं ते काम तुम्ही असं सांगितलंत, जणू आमच्या घरचं कुणी तुमच्या घरी मदतीला आलं होतं.

आणखी एक माफी राहिली आहे. पहिल्या पहाटे साडेचारला ठरलं होतं, आम्ही वीस मिनिटं उशिरा उतरलो आणि मी ‘सॉरी’सुद्धा म्हटलं नाही. अंगकोर वाटचं देऊळ पश्चिमाभिमुख. सूर्य शिखरांमागून वर येतो, म्हणून सगळी गर्दी तळ्याकाठी आधीच जागा धरून बसते. आम्हाला मागे उभं राहावं लागलं आणि मी परतल्यावर कुरकूर तुमच्यापाशी केली. तुम्ही बर्फाच्या पेटीतून पाण्याची बाटली काढून आधी आईला दिलीत, मग मला.

शेवटच्या दिवशी मी पुन्हा बांतेय स्रेईला चला म्हटलं. लांबचा फेरा, त्याचे वेगळे पैसे आधी ठरवून घेतले. हेही तुमच्याकडूनच शिकले होते, की गाडीत बसण्याआधी बोलून घ्यावं आणि उतरताना वाद घालू नये. त्या बाई दुकानातच होत्या. मी हात जोडले, ‘सुअस्देई, बोंग’ म्हटलं. त्यांनी मला ओळखलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी आणखी दोन क्रामा घेतले, सुट्या, कोऱ्या नोटा दोन्ही हातांनी दिल्या. त्यांनी भाव आपणहून कमी सांगितला. मी पहिल्या दिवशी त्यांनी आधी सांगितला होता तोच दिला. मग त्यांनी आईच्या गळ्यात एक क्रामा स्वतः गुंडाळून दाखवला, कसा बांधायचा ते.

तुम्ही लांब झोळीत पडून होतात. झोपला होतात की पाहत होतात, मी विचारलं नाही.

ऑरकुन, बोंग. आई तो क्रामा अजूनही तसाच बांधते, त्या बाईंनी दाखवला होता तसा.

तुमची,
मागच्या सीटवरची धाकटी बहीण