शेवटचं बिल काढण्याआधी फुटपाथवर चालून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला सोलापूर शहराच्या कायापालटाचा पानभर मजकूर वाचला आणि चीड आली. शाश्वत विकास, समान संधी, हरित रस्ते, सगळं त्यात आहे. सोबत आमच्या पूर्व भागातल्या ज्या नव्या रस्त्याचा फोटो छापलाय, त्याच रस्त्याने आमची अक्का विड्या घेऊन कारखान्यात जाते. म्हणून हे पत्र.

अक्काला लहानपणी पोलिओ झाला, ती कुबडीवर चालते. घरी विड्या वळायच्या, कट्टे बांधायचे, पिशवी खांद्याला लावून पोचवायच्या, हे तिचं लग्नाआधीपासूनचं काम. पूर्वी ती कडेच्या मातीवरून, लिंबाच्या सावलीतून जायची. आता तिथे फुटपाथ झालाय, जवळजवळ गुडघ्याएवढा उंच. चढायला उतार एकाही टोकाला नाही. प्रत्येक दुकानासमोर तो तोडलाय, म्हणजे दर पंधरा-वीस पावलांवर उतरायचं आणि परत चढायचं. मधेच विजेचा डीपी. पेव्हर ब्लॉक खचलेत, त्यांच्या फटीत कुबडीचं टोक अडकतं. शेवटी अक्का रिक्षा आणि मोटारसायकलींच्या गर्दीत, भर रस्त्यातून चालते. गेल्या पावसाळ्यात धक्का लागून पडली. विड्या चिखलात गेल्या, त्या दिवसाची मजुरी बुडाली आणि वाया गेलेल्या पानाचे पैसे वर कापून घेतले.

मी संबंधित कार्यालयात जाऊन विचारलं. साहेब म्हणाले, "ताई, उताराची तरतूद अंदाजपत्रकात नाही." ग्रॅनाइटच्या बाकांची होती, शोभेच्या दिव्यांची होती. माझं म्हणणं एवढंच आहे की समता आणि पर्यावरण हे अहवालाच्या प्रस्तावनेत लिहून भागत नाही. ते अंदाजपत्रकात आणि निविदेच्या अटींत यायला हवं, आणि त्या अटी पुऱ्या झाल्याशिवाय ठेकेदाराला शेवटचा पैसा मिळता कामा नये.

नियम नाहीत असंही नाही. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असं आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यानुसार सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं याचे, नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. मग रस्त्याचं बिल कसं निघतं? ठेकेदाराची अनामत रक्कम दोष-दायित्वाची मुदत (कामातले दोष ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायचा काळ) संपेपर्यंत राखून ठेवतातच. त्यातला काही भाग झाडांसाठी बांधून ठेवा. तोडलेल्या लिंबांच्या जागी लावलेली रोपं दोन उन्हाळे जगली, तर तो द्यायचा. आमच्या रस्त्यावर आज लोखंडी जाळ्या उभ्या आहेत आणि आत वाळक्या काड्या. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन ज्याने अंगावर घेतलंय, त्याला सावली ही शोभेची वस्तू वाटणार नाही.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी मिशनच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नववं आलं, तेव्हा आम्हालाही आनंद झाला होता. केंद्राचे पाच वर्षांत ५०० कोटी आणि तेवढाच वाटा राज्याचा व महापालिकेचा, असा हिशेब होता. ते मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं. पुढची योजना येईल तेव्हा आराखडा काढण्याआधी आमच्या भागातल्या विडीवाल्या बायका, यंत्रमाग कामगार, हातगाडीवाले यांना बोलावून विचारा. हे जमतं, आणि ते आपल्या उशाशी कुंभारी गावात दिसतं. तिथे विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली. नंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची वसाहत आली, त्यातल्या पंधरा हजारांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. तिथे राहणार कोण हे आधी ठरलं होतं आणि त्याच लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून ती घरं मागून घेतली होती.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या मजकुरात कुठेच नाही. आमच्या रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा ब्लॉक वाहणाऱ्या बायकांना गड्यांपेक्षा कमी हजेरी मिळत होती, त्यांनीच मला सांगितलं. लघवीला जायला आडोसा नव्हता, म्हणून त्या भर उन्हात दिवसभर पाणी प्यायचं टाळायच्या. पोरं खडीच्या ढिगाऱ्याशेजारी झोपवलेली. समान कामाला समान वेतनाचा कायदा देशात १९७६ मध्येच झाला आणि हे काम सरकारी पैशाचं होतं. आपल्या बातमीदाराने पुढच्या लोकार्पणाला जाताना ठेकेदाराचं हजेरीपुस्तक मागावं आणि त्यातले आकडे पाहुण्यांच्या नावांसोबत छापावेत, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
पूर्व भाग, सोलापूर